प्रस्तावात प्रयोग हवा

सप्टेंबर महिना शिक्षक पुरस्कारांचा. पंचायत समितीपासून दिल्लीपर्यंत याद्या लागतात, आणि दर वर्षी आपल्या वाचकांपैकी काहींची नावे त्यांत असतात. त्या सर्वांचे मनापासून अभिनंदन. आडगावात वीस-पंचवीस वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला चार लोकांसमोर बोलावून शाबासकी मिळते, तेव्हा त्याच्या शाळेतली मुलेही ताठ मानेने चालतात. या सन्मानाला आम्ही मोठे मानतो, म्हणूनच त्याच्या निवडीबद्दल एक मागणी करतो आहोत. विज्ञान शिक्षकाच्या प्रस्तावाचे पहिले पान एका प्रयोगाचे असावे, आणि ते वाचून दुसऱ्या शिक्षकाला तो प्रयोग आपल्या वर्गात करता यावा.

आजच्या प्रस्तावात काय असते? निकालाची टक्केवारी, प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे, वृक्षदिंडीची छायाचित्रे, मुख्याध्यापकांची आणि केंद्रप्रमुखांची शिफारस. राष्ट्रीय पुरस्काराची परंपरा १९५८ पासूनची. २०१८ मध्ये त्याची पद्धत बदलली. शिक्षकाला स्वतः ऑनलाइन अर्ज करता येऊ लागला आणि तीनशेच्या वर गेलेली पुरस्कारांची संख्या पन्नासच्या आसपास आणली गेली. शिफारशीसाठी कुणाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत, हा बदल स्वागतार्हच आहे. तरीही अर्जात पुरावा मागितला जातो तो प्रामुख्याने व्यक्तीच्या कर्तृत्वाचा. तिने वर्गात नेमके काय केले, कशाने केले, कुठे अडले, हे सांगायला त्यात फारशी जागा नसते.

एक उदाहरण घ्या. सातवीच्या विज्ञानात स्थितिक विद्युत आहे. घासलेली प्लास्टिकची फूटपट्टी कागदाचे कपटे उचलते, हे चित्र पुस्तकात असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शिक्षकाने हा प्रयोग पावसाळ्यात करून पाहावा. कपटे जागचे हलत नाहीत. हवा दमट असली की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि साचलेला विद्युतभार त्यावरून निघून जातो. मुले मग पुस्तकातले उत्तर पाठ करतात आणि डोळ्यांनी पाहिलेले सोडून देतात. विज्ञानाच्या वर्गात याहून मोठे नुकसान नाही. अनुभवी शिक्षक यातून वाट काढतो. कुणी फूटपट्टी, लोकरीचा तुकडा आणि कपटे जुन्या पिवळ्या दिव्याच्या उबेत आधी सुकवून घेतो. कुणी हे प्रकरणच दिवाळीनंतर घेतो. कुणी फसलेला प्रयोग तसाच मुलांपुढे ठेवतो आणि कोरड्या दिवशी पुन्हा करून दोन निरीक्षणांतला फरक त्यांनाच शोधायला लावतो. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात नाही, शिक्षक हस्तपुस्तिकेत नाही, आणि पुरस्काराच्या फाईलमध्ये तर नाहीच. शिक्षक निवृत्त झाला की ते त्याच्याबरोबर शाळेबाहेर जाते.

प्रयोगाला मान देणारी ठिकाणे आपल्याकडे अजिबात नाहीत असे नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेली भारतीय भौतिकशास्त्र शिक्षक संघटना नावीन्यपूर्ण प्रयोगांची स्पर्धा घेते. राज्याच्या विज्ञान प्रदर्शनात शिक्षकांच्या शैक्षणिक साहित्याचा गट असतो. प्रयोगशाळा परिचरांसाठीही गट असतो, ही तर फार चांगली गोष्ट आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद नवोपक्रम स्पर्धा घेऊन लेखी अहवाल मागवते. पण प्रदर्शन संपले की साहित्य कपाटात जाते आणि बक्षीसपात्र अहवाल शेजारच्या तालुक्यातल्या शिक्षकाच्या हाती क्वचितच पडतो. रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो सर्वांच्या लक्षात आहे. परितेवाडीत त्यांनी पाठ्यपुस्तकांना जोडलेले क्यूआर कोड त्याआधीच राज्याच्या पुस्तकांत आले होते, हे मात्र आपण विसरतो. इतरांना उचलून वापरता येईल अशी ती कल्पना होती, म्हणूनच ती पसरली.

आता पैशांबद्दल. येथे आमचे मत पुरस्कारांबद्दलच्या मतापेक्षा अधिक तीव्र आहे. विज्ञानासाठी पैसा येतच नाही, हे खरे नाही. अटल टिंकरिंग लॅबसाठी निवडलेल्या शाळेला टप्प्याटप्प्याने २० लाख रुपयांपर्यंत मिळतात. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात १० हजार रुपये जमा होतात. समग्र शिक्षाच्या निकषांत संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार १० हजारांपासून १ लाखापर्यंत आहे. त्यातून स्वच्छता, वीजबिल, दुरुस्ती, खडू-फळा सगळे भागवायचे. अनुदानित शाळांच्या वेतनेतर अनुदानाची रखडपट्टी मुख्याध्यापकांना वेगळी सांगायला नको. या सगळ्यात आठवीच्या वर्गासाठी मॅग्नेशियमची फीत, लिटमस, विरल आम्ल आणि फुटलेल्या सहा परीक्षानळ्या यांचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा? बहुतेक ठिकाणी तो शिक्षकाच्या खिशाखाली पडतो. दहावीच्या विज्ञानाला २० गुण प्रात्यक्षिकाचे आहेत, आणि कित्येक शाळांत जर्नल पूर्ण असते पण मुलाच्या हाताने परीक्षानळी धरलेली नसते. त्या शिक्षकाला आळशी ठरवण्याआधी त्याच्या कपाटात काय शिल्लक आहे ते पाहायला हवे.

सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. रक्कम लहान होती, पण ती शिक्षकाच्या नावाची होती आणि ती कशावर खर्च करायची हे तो ठरवत असे. समग्र शिक्षात ती वेगळी ओळख राहिली नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ ते २००२ अशी तीस वर्षे होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम चालला. त्यात शाळेला साहित्याचा संच देऊन काम संपत नसे. फुटलेले, संपलेले साहित्य भरून देण्याची सोय होती आणि शिक्षकांच्या मासिक बैठका होत. वस्तू आणि अनुभवांची देवाणघेवाण एकाच व्यवस्थेत बसवण्याची ही दूरदृष्टी आजही शिकण्यासारखी आहे. ब्रिटनची रॉयल सोसायटी शाळांना ३ हजार पौंडांपर्यंत भागीदारी अनुदान देते. अट अशी की, एखाद्या संशोधकाला किंवा अभियंत्याला सोबत घेऊन मुलांनी स्वतः काही शोधायचे. आपल्याकडे असा सोबती गावोगाव आहे: साखर कारखान्यातला रसायनतज्ज्ञ, दूध संघाच्या प्रयोगशाळेतला तपासनीस, तालुक्याच्या महाविद्यालयातले प्राध्यापक.

म्हणून कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची कामे पाहणाऱ्यांना आणि देणगीदार संस्थांना आमची विनंती आहे. एका शाळेला मोठा डिजिटल फळा देण्याऐवजी पन्नास विज्ञान शिक्षकांना वर्षाला पाच-पाच हजार रुपये द्या. दोन पानी अर्ज घ्या. किरकोळ खरेदीला तीन दरपत्रके मागू नका, पावत्या पुरे. रक्कम जूनमध्ये द्या. मार्चअखेरीस आलेला पैसा परीक्षेच्या धांदलीत घाईने खर्ची पडतो. हिशेबाबरोबर एका प्रयोगाची नोंद मागा आणि ती नोंद सगळ्यांसाठी खुली करा.

पुढच्या अंकापासून या मासिकाची चार पाने अशा नोंदींसाठी राखून ठेवली आहेत. इयत्ता, प्रकरण, साहित्य आणि त्याचा खर्च, महिना, वर्गातली मुलांची संख्या, काय फसले, ते कसे सावरले, आणि मुलांनी विचारलेला एखादा प्रश्न, एवढे लिहा. प्रमाणपत्रे जोडू नका. परिचरांनीही लिहावे, कारण भिंगे पुसणारा हात अनेकदा आपल्यापेक्षा जास्त जाणतो. जे वाचक जिल्हा किंवा राज्य निवड समित्यांवर आहेत, त्यांनी येत्या बैठकीत एवढा एक मुद्दा मांडावा: विज्ञान शिक्षकाच्या प्रस्तावासोबत अशी नोंद सक्तीची करावी, आणि अंतिम यादी करण्याआधी समितीतल्या एकाने तरी त्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक तास पाहावा.