पडद्यामागे : 'सीआयडी'ची माणसे

ऐंशीच्या दशकात घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत घरोघरी टीव्ही नव्हता. ज्याच्याकडे असे, त्याच्या दारात अख्खा मजला बसे. त्या काळी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही पोलीस तपासाची मराठी मालिका गाजली. नाव आले पोलिसांच्या १०० या फोन नंबरावरून. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंग हे मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन, आणि तिच्यात काम करणारे शिवाजी साटम हे बँकेतले नोकरदार.

हीच जोडी २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर 'सीआयडी' घेऊन आली. साटम झाले एसीपी प्रद्युम्न. त्यांच्यावर सदा डाफरणारे डीसीपी चित्रोळे आठवतात ना? ते स्वतः बी. पी. सिंगच! दारे तोडणारा दया, म्हणजे दयानंद शेट्टी, हा थाळीफेकपटू. पायाला दुखापत झाली आणि गडी अभिनयाकडे वळला. आपल्या बावळट बोलण्याने हसवणारे फ्रेडरिक्स, म्हणजे दिनेश फडणीस, यांनी मालिकेचे काही भाग लिहिलेसुद्धा. ५ डिसेंबर २०२३ रोजी ते गेले. बोरिवलीत त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला.

पण खरी कमाल झाली २००४ साली. १११ मिनिटांचा एक भाग कॅमेरा मध्ये एकदाही बंद न करता चित्रित केला गेला. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. एरवी चित्रण तुकड्यातुकड्याने होते, संवाद चुकला तर पुन्हा घेता येतो. इथे ती सोय नव्हती. शंभराव्या मिनिटाला नट अडखळला, कुणाचा पाय वायरीत अडकला किंवा दिवा वेळेवर लागला नाही, की साऱ्यांची मेहनत पाण्यात! म्हणजे त्या दिवशी एसीपीइतकीच जबाबदारी वायर उचलणाऱ्या पोऱ्यावरही होती. विक्रम झाला तो दोघांच्या हातून.

मालिका २७ ऑक्टोबर २०१८ रोजी थांबली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. कोणतीही मालिका बघा, खुनी सापडला की आपण लगेच उठतो. त्यानंतर पडद्यावर बारीक अक्षरांत नावे सरकतात : दिवेवाले, रंगभूषाकार, सुतार, कपडेवाले. मुलाबाळांना जवळ घेऊन ती नावे एकदा मोठ्याने वाचा. कष्टाच्या माणसाचे नाव वाचायला दोन मिनिटे पुरतात.