साखरवाडीचा कायदा कोण लिहितो?

शुगर लँड या नावाचे मराठी करायचे तर फार डोके खाजवावे लागत नाही: साखरवाडी. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, फोर्ट बेंड काउंटीत हे शहर आहे. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या अष्टलक्ष्मी मंदिराच्या आवारात 90 फूट उंच हनुमान उभा राहिला, तेव्हा त्याचे नाव आपल्याकडच्या बातम्यांतही झळकले. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 1,11,026, म्हणजे आपल्या 1965 च्या नगरपरिषद कायद्याच्या मापाने 'अ' वर्ग नगरपरिषद. आपली साखरवाडी फलटण तालुक्यात, साखर कारखान्याभोवती वाढलेली. साखरेने जन्माला घातलेल्या या दोन गावांच्या श्रीमंतीची तुलना करण्यात काही हशील नाही. ती कोण जिंकणार हे शेंबडे पोरही सांगेल. मात्र एका प्रश्नावर ही तुलना टाळता येत नाही. गावाचा कारभार कोणत्या पद्धतीने चालावा, हे ठरवायचे कोणी? निधी अपुरा, नगरसेवक नालायक, नागरिक उदासीन ही आपल्या छोट्या शहरांची नेहमीची दुखणी मला मान्य आहेत. पण त्यांच्या मुळाशी हा न विचारलेला प्रश्न बसला आहे, असे माझे म्हणणे आहे.

शुगर लँड हे मुळात कंपनीचे गाव. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केम्पनर आणि एल्ड्रिज या भागीदारांनी इथली उसाची जमीन आणि कारखाना घेतला आणि इम्पीरियल शुगर कंपनी उभी केली. कामगारांची घरे कंपनीची, दुकान कंपनीचे. वालचंदनगर पाहिलेल्या कोणालाही हे चित्र परके वाटणार नाही. 1959 साली या वस्तीने रीतसर शहर होण्याचा मार्ग धरला, आणि पुढचा भाग आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टेक्सासच्या राज्यघटनेत 1912 साली झालेल्या दुरुस्तीनुसार 5,000 हून अधिक वस्तीच्या शहराला स्वतःची सनद, तिथल्या भाषेत चार्टर, मतदानाने मंजूर करून घेता येते. शुगर लँडने 1981 साली ती केली; त्या सनदेत महापौर हाच कारभाराचा प्रमुख होता. पाच वर्षांत रहिवाशांचे मत पालटले. 1986 च्या मतदानात त्यांनी महापौराकडून प्रशासन काढून घेतले आणि ते परिषदेने नेमलेल्या सिटी मॅनेजरकडे दिले. महापौराला सभेचे अध्यक्षपद आणि एक मत एवढे उरले. 1990 साली पुन्हा मतदान झाले आणि परिषदेचे सहा सदस्य कसे निवडायचे ते ठरले: चार प्रभागांतून, दोन सगळ्या शहरातून. ही पद्धत आदर्श आहे का, हा वेगळा वाद. ती तिथल्या लोकांनी निवडली, चुकली वाटली तेव्हा बदलली, आणि सनदेला दर दोन वर्षांत एकदाच हात लावता येतो हे बंधन पाळून बदलली.

आता आपल्याकडे पाहा. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून, या एकाच प्रश्नाची वाटचाल पुरेशी बोलकी आहे. 2001 च्या निवडणुकांत तो थेट निवडला गेला. 2006 मध्ये नगरसेवकांतून. 2016 मध्ये पुन्हा थेट. 2019 च्या अखेरीस सरकार बदलले आणि 2020 मध्ये तो पुन्हा नगरसेवकांतून निवडायचे ठरले. 2022 मध्ये सरकार पुन्हा बदलले आणि तो पुन्हा थेट झाला. दोन्ही पद्धतींच्या बाजूने चांगले युक्तिवाद आहेत. थेट निवडलेल्या नगराध्यक्षाला फोडाफोडीची धास्ती कमी. नगरसेवकांतून आलेल्याचे सभागृहाशी जमते, त्यामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे अशी कोंडी होत नाही. पण या पंचवीस वर्षांत एकदाही कोणी कराडच्या, पंढरपूरच्या किंवा वाईच्या माणसाला विचारले नाही की बाबा, तुझ्या गावाला काय मानवते? निर्णय त्या त्या वेळी मुंबईत कोणाला काय सोयीचे होते यावर झाला. सगळ्या गावांना एकाच मापाचा सदरा, आणि तोही दर सरकारागणिक उसवून पुन्हा शिवलेला.

या पद्धतीचे खरे साम्य टेक्सासशी नाही, चीनशी आहे. सिचुआन प्रांतातल्या सुइनिंगजवळ बुयुन नावाचे एक छोटे गाव आहे. 31 डिसेंबर 1998 रोजी तिथल्या रहिवाशांनी आपला प्रशासनप्रमुख थेट मतदानाने निवडला. चीनमध्ये ही अपूर्व घटना होती, कारण कायद्याप्रमाणे हा प्रमुख स्थानिक लोकसभेने निवडायचा असतो आणि त्याच्याही वर वरून आलेला पक्षसचिव असतो. जगभरच्या अभ्यासकांनी बुयुनकडे धाव घेतली. वरून भुवया उंचावल्या, आणि 2001 साली पद्धत बदलली: लोकांनी उमेदवार ठरवायचा, निवड मात्र स्थानिक लोकसभेने करायची. आपल्याकडे पक्षांची खरी स्पर्धा आहे, स्वतंत्र न्यायालये आहेत, स्वतंत्र वर्तमानपत्रे आहेत. चीनमध्ये यातले काही नाही, आणि हा फरक मी कमी लेखत नाही. तरीही वरून दिलेली थेट निवडणूक वरूनच काढून घेता येते, या एका मुद्द्यावर बुयुन आणि बार्शी एकाच रांगेत उभी आहेत. दर्जाच्या प्रश्नाचेही तेच. वेन्झोऊजवळचे लाँगगांग 1984 साली शेतकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून वसवले. लोकसंख्या लाखांत गेली तरी त्याचा दर्जा गावाचाच राहिला, आणि 2019 साली बीजिंगच्या मंजुरीने एकदाचे ते शहर झाले. लहान घोडा आणि मोठी गाडी, असे अशा गावांबद्दल चिनी प्रशासनात म्हणतात. अकलूज या साखरपट्ट्यातल्या भल्यामोठ्या गावाचा घोडाही असाच वर्षानुवर्षे ग्रामपंचायतीचा होता. 2021 साली लोक उपोषणाला बसले, मग नगरपरिषदेची अधिसूचना निघाली. आपण कोण आहोत हे सरकारकडून वदवून घेण्यासाठी गावाला उपाशी बसावे लागते, याचे आता आपल्याला नवलही वाटत नाही.

कोणी म्हणेल, शुगर लँडमध्येही कारभार न निवडलेला मॅनेजरच पाहतो, मग आपल्या मुख्याधिकाऱ्यात आणि त्याच्यात फरक तो काय? कागदावर खरोखर फारसा नाही. दोन्हीकडे निवडून आलेले धोरण ठरवतात आणि एक जाणकार अधिकारी ते राबवतो. फरक त्याच्या नेमणूकपत्रावर सही कोणाची, एवढाच आहे, आणि त्या 'एवढ्या'त सगळे आले. शुगर लँडच्या मॅनेजरला परिषद नेमते आणि परिषदच काढते. आपला मुख्याधिकारी राज्याच्या संवर्गातला. गावाला फार तर त्याच्या बदलीची मागणी करता येते. बदली करायची की नाही, कधी, कुठे, ते मंत्रालय ठरवते. त्याचा पुढचा मुक्काम, त्याची चौकशी, त्याचे सगळे भवितव्य गावाबाहेर असते. मग पाणीपुरवठ्याची योजना रखडली तर नगराध्यक्ष मुख्याधिकाऱ्याकडे बोट दाखवतो, मुख्याधिकारी शासनाच्या परिपत्रकाकडे, आणि मतदार टँकरकडे पाहत बसतो. वर नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार कलम 308 ने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहेच. हा आराखडा मुळात इंग्रजांचा. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात आयुक्त सरकारने नेमायचा ठरला, कारण नेटिव्ह सभासदांच्या हाती तिजोरी देण्याची सरकारची तयारी नव्हती. इंग्रज गेले, अविश्वास मात्र वारसाहक्काने मंत्रालयाकडे आला. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषयांची यादी दिली, पण ते विषय सोपवायचे की नाही हे राज्यांवर सोडले. त्या मोकळिकीचे पुढे काय झाले, ते प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

त्याचा कळस 2021 नंतरच्या चार वर्षांत दिसला. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 च्या अखेरीस किंवा 2022 च्या सुरुवातीला संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात होता, प्रभागरचनेचा घोळ होता, आणि निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये आदेश दिला तेव्हा हालचाल झाली. 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींसाठी मतदानाची तारीख ठरली 2 डिसेंबर 2025. काही ठिकाणचे मतदान 20 तारखेवर गेले आणि निकाल 21 ला लागले. मधल्या काळात अनेक गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होता, म्हणजे ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच माणूस. आरक्षणाचा प्रश्न खरा होता आणि तो न्यायालयाच्या कसोटीवर उतरायलाच हवा होता. पण चार वर्षे सभागृहाला कुलूप असूनही राज्यात कुठे मोठी ओरड झाली नाही, हे मला जास्त अस्वस्थ करते. कुलूप लागले ते घर आपले आहे असे कोणाला वाटले नसावे.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा की गावाच्या हाती अधिकार म्हणजे गावगुंडांच्या हाती अधिकार. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या भाबड्या गौरवाचा जो समाचार घेतला, तो विसरून या विषयावर बोलूच नये. आणि गंमत अशी की या आक्षेपाचा सर्वांत भक्कम पुरावा शुगर लँडच्याच मातीत आहे, शब्दशः. फेब्रुवारी 2018 मध्ये तिथे शाळेची इमारत बांधताना कामगारांना हाडे सापडली. खोदकामात 95 कृष्णवर्णीयांच्या कबरी निघाल्या. गुलामगिरी संपल्यावर टेक्सासने कैदी भाड्याने देण्याची पद्धत काढली होती; 1878 पासून कनिंगहॅम आणि एलिस या ऊसमळेवाल्यांनी ते भाड्याने घेतले आणि उसाच्या फडात राबवून मारले. अशा कबरी इथे असणार, असे रेजिनाल्ड मूर हे कार्यकर्ते कित्येक वर्षे सांगत होते. कोणी ऐकले नव्हते. याच फोर्ट बेंड काउंटीत 1889 पासून जेबर्ड असोसिएशन नावाची गोऱ्यांची संघटना अधिकृत निवडणुकीआधी आपली खासगी निवडणूक घेई. तिच्यात काळ्यांना मत नव्हते, आणि तिथे जो जिंकेल तोच पुढे निवडून येई. 1953 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही चलाखी घटनाबाह्य ठरवली. तेव्हा स्थानिक स्वायत्तता आपोआप न्याय देते असे मी म्हणत नाही. फोर्ट बेंडचा इतिहास उलट साक्ष देतो. पण त्या इतिहासात बाहेरून काय आले तेही पाहा. वरून आले ते मूलभूत हक्कांचे संरक्षण. रस्ता कुठून न्यायचा हे सांगायला वॉशिंग्टनहून अधिकारी आला नाही. आपण नेमके उलटे केले. वरून यायला हवे ते दलित वस्तीच्या पाण्याचे, राखीव जागांचे, वेळेवर निवडणुकीचे संरक्षण उशिरा येते किंवा येतच नाही; मुख्याधिकाऱ्याच्या बदलीचा आदेश मात्र एका फोनवर येतो. आणि ज्यांची भीती दाखवली जाते ते गावचे दांडगे मंत्रालयाच्या ताब्यामुळे दुबळे झाले आहेत असेही नाही. त्यांची बदल्यांच्या दालनात चांगली ऊठबस असते.

दुसरा आक्षेप पैशांचा, तो थोडक्यात आटोपता येतो. शुगर लँडला विक्रीच्या रकमेवर 2 टक्के कर स्वतःचा मिळतो आणि घरपट्टी 100 डॉलरच्या मालमत्तेमागे साधारण 35 सेंट. आपल्या नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली आणि त्या अनुदानावर आल्या. फरक मोठा आहे, मान्य. पण अनुदानावरचे गावही आपला अधिकारी निवडू शकते. तिसरा आक्षेप मला जास्त पटतो: टेक्सासमध्येही राज्य सरकार शहरांचे पंख कापते. 2019 च्या कायद्याने मालमत्ता कराचे उत्पन्न वर्षाला 3.5 टक्क्यांहून जास्त वाढवायचे तर मतदारांची परवानगी लागते, आणि 2023 च्या कायद्याने शहरांचे कितीतरी नियम करण्याचे अधिकार आवळले. खुद्द शुगर लँडनेही 12 डिसेंबर 2017 रोजी ग्रेटवुड आणि न्यू टेरिटरी या वसाहती आधीच्या करारांच्या आधारे शहरात ओढल्या, तिथल्या रहिवाशांचे मतदान न घेता. आणि तिथल्या मे महिन्यातल्या स्थानिक निवडणुकीला बहुसंख्य मतदार फिरकतही नाहीत. आपल्याकडे रांगा लागतात. म्हणजे ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांना हौस नाही आणि ज्यांना हौस आहे त्यांच्याकडे अधिकार नाही. माझ्या मते ही रांग हेच आपले भांडवल आहे.

सुधारणा अवघड नाही, आणि तिच्यासाठी घटनादुरुस्तीही लागत नाही. 1965 च्या कायद्यात कारभाराचे तीन-चार नमुने ठेवावेत आणि गावाने निवडणुकीच्याच दिवशी, वेगळ्या मतपत्रिकेवर, त्यातला एक निवडावा. पुढची निदान दोन सभागृहे तो कोणालाही बदलता येऊ नये. मुख्याधिकाऱ्यांची पात्र यादी राज्याने करावी, त्यातून नेमणूक परिषदेने करावी, आणि त्याला काढायला साधे बहुमत पुरू नये. आरक्षण, लेखापरीक्षण आणि निवडणुकीची तारीख या गोष्टी राज्याकडे आणि आयोगाकडेच राहाव्यात. हे फार अमेरिकन वाटत असेल तर 1939 चे औंध आठवावे. साताऱ्याजवळच्या त्या 72 गावांच्या संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, गांधीजींच्या सल्ल्याने, पंचायतींना खालून वर सत्ता देणारी घटना अमलात आणली. राजाला जे जमले ते लोकनियुक्त सरकारांना का जमू नये?

नगराध्यक्ष निवडीची पद्धत बदलणारे विधेयक आजवरच्या शिरस्त्याप्रमाणे पुन्हा केव्हा तरी विधानसभेत येईलच. ते आले की आपल्या आमदाराला गाठा आणि थेट की अप्रत्यक्ष या वादात न पडता एकच विचारा: आमच्या गावाला विचारलेत का?