हंगाम दहा वर्षांचा

कोकणातल्या घरात ‘स्ट्रायकर’ म्हटले की आधी आठवतो तो कॅरमचा. बाहेर मुसळधार पाऊस, गेलेली वीज, ओटीवर मांडलेला बोर्ड आणि बोटांना लागलेली पावडर. त्या स्ट्रायकरचे नशीब मोठे चमत्कारिक. बाकीच्या सोंगट्या भोकात घालायचे काम त्याचे, पण तो स्वतः आत गेला तर दंड! डाव संपल्यावर सगळे सोंगट्या मोजतात, स्ट्रायकरला कोणी मोजत नाही. फुटबॉलच्या मैदानावर आघाडीला राहून गोल करणाऱ्या खेळाडूचेही आपल्या देशात साधारण असेच होत आले आहे.

रत्नागिरी तशी क्रिकेटची आणि कबड्डीची. पण हल्ली इथली पोरे रात्र रात्र जागून युरोपातले सामने पाहतात आणि पावसाळ्यात लाल चिखलात फुटबॉलमागे धावतात. त्यामुळे त्यांच्या आईबापांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. ओळखीचे एक गृहस्थ मला म्हणाले, ‘‘काका, तुम्ही बँकेत होतात, हिशेबाचे माणूस. मुलगा म्हणतो, फुटबॉलच खेळणार. खेळेल हो, पण पुढे काय?’’

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधताना मला नेव्हिल डिसोझा आठवतो.

नव्या पिढीने हे नाव ऐकलेही नसेल. मूळचा गोव्याचा आणि मुंबईकडून खेळलेला हा आघाडीचा खेळाडू १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतीय संघात होता. १ डिसेंबर १९५६ रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्या चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल त्यानेच केला. पुढे आपण १-४ असे हरलो. ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-०ने हरवले आणि आपण चौथे आलो. त्याहून वर आपण आजवर गेलेलो नाही. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारे तिघे होते. एक युगोस्लाव्हियाचा, एक बल्गेरियाचा आणि तिसरा आपला नेव्हिल. प्रत्येकी चार गोल.

पण नेव्हिल हा काही खेळावर पोट भरणारा व्यावसायिक खेळाडू नव्हता. तेव्हा आपल्याकडे ती कल्पनाच नव्हती. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स अशा कंपन्यांचे संघ असत आणि तो या दोन्हींकडून खेळला. १९५८चा रोव्हर्स कप कॅल्टेक्सने जिंकला होता. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. नेव्हिलला तो मिळाला नाही. १९८० मध्ये तो वारला, तेव्हा त्याने पन्नाशीही गाठली नव्हती. मेलबर्नच्या त्या तीन गोलांची आठवण लोकांना झाली ती बहुतेक त्याच्यामागेच.

तरीही नोकरीची ती पद्धत मला वाटते तितकी वाईट नव्हती. मी बँकेत लागलो तेव्हा ती जोरात होती. मुंबईत बँकांचे, रेल्वेचे, गिरण्यांचे संघ एकमेकांशी ईर्ष्येने खेळत. आमच्या शाखेतही खेळाडू म्हणून भरती झालेला एक क्लार्क होता. सकाळी दोनेक तास काउंटरवर बसायचा आणि मग सरावाला पळायचा. त्याची उरलेली व्हाउचरे आम्ही लिहायचो आणि कुरकुरायचोही. पण सामना जिंकल्याची बातमी आली की त्याच कुरकुरणाऱ्या मंडळींची छाती फुगायची. बत्तिसाव्या वर्षी त्याच्या गुडघ्याने दगा दिला. दुसऱ्या सोमवारपासून तो पूर्ण वेळ टेबलावर. पहिले सहा महिने त्याचे लेजर जुळायचे नाही. मग जुळू लागले. बढती थोडी उशिराच मिळाली, पण माणूस निवृत्त झाला तो पेन्शन घेऊन. टाळ्या थांबल्या होत्या; पासबुक थांबले नव्हते.

याचे ठळक उदाहरण केरळात आहे. आय. एम. विजयन त्रिचूरच्या मैदानावर सोडा विकत असे. केरळ पोलिसांनी त्याच्यातला खेळाडू हेरून त्याला नोकरी दिली. मोठमोठ्या क्लबांकडून खेळून तो पुन्हा पोलिसांत परतला आणि २०२५ मध्ये अधिकारी म्हणून निवृत्त झाला. त्याच वर्षी त्याला पद्मश्री मिळाली. मैदानावरची वर्षे संपली, पण माणूस वाऱ्यावर पडला नाही.

आता ते दिवस बरेचसे गेले. मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६चा राष्ट्रीय लीगविजेता. कंपनीने तो २०१० मध्ये बंद केला. २०१६ मध्ये गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. बँकांतली खेळाडूंची भरतीही पूर्वीसारखी राहिली नाही. त्यांच्या जागी आली ती करारपद्धत. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. दिवे आले, दूरदर्शनचे कॅमेरे आले, आणि आमच्या क्लार्कला साऱ्या नोकरीत दिसली नसती एवढी रक्कम एका वर्षाच्या करारात दिसू लागली. चांगलेच झाले. खेळाडूला त्याच्या घामाचे मोल मिळायलाच हवे.

पण या करारालाही दुसरी बाजू आहे. आपल्या अंबा घाटापलीकडे कोल्हापूर आहे. तिथे तालमीतालमींचे फुटबॉल संघ आहेत. पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना असला की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच घर सोडून पुण्याला शिकायला गेला. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशाच्या आघाडीला खेळला. पुढे इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे त्याचे मुक्काम झाले. एवढ्या लहान वयात इतकी गावे! आमच्या बँकेतल्या बदल्याही याहून सावकाश होत.

त्यातून बहुतेक क्लब गोल करण्याचे काम परदेशातून आणलेल्या खेळाडूंवर सोपवतात. संघाचे नशीब गोलांवर ठरते, तेव्हा व्यवस्थापक जोखीम कशाला घेईल? मग आपल्या पोराला बाजूच्या पट्ट्यात जावे लागते नाहीतर बाकावर बसावे लागते. परिणाम साऱ्या देशाने पाहिला. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्याला परत बोलवावे लागले.

आणि करार म्हणजे तरी किती शाश्वत? २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराची मुदत संपत आली आणि लीग अडली. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या क्लबने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांचे नाव मुलांच्या पाठीवरच्या जर्सीवर असते, त्यांच्या घरीही हप्त्याची तारीख येतेच.

मग मुलाला खेळू द्यायचे नाही काय? मला हे पटत नाही. न पटण्याचे कारण आपल्या रत्नागिरीतच आहे. आपला आंबा बागायतदार वर्षभर फवारणी, खत, राखण यांवर पैसा घालतो आणि कमावतो ते उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांत. एखादे वर्ष मोहोर जळतो, एखादे वर्ष झाड विसावा घेते. मच्छीमाराची होडी १ जून ते ३१ जुलै बंदीमुळे किनाऱ्यालाच असते. म्हणून कोणी बाग तोडली नाही की होडी विकली नाही. बागायतदाराला पीककर्ज देताना ‘ऑगस्टमध्ये तुमचे उत्पन्न किती?’ असे आम्ही विचारत नव्हतो. हंगाम ओळखून हप्ता बांधत होतो.

स्ट्रायकरची कारकीर्द हाही हंगामच आहे. दहा-बारा वर्षांचा, एकदाच येणारा. त्याला कायम नोकरीच्या मापाने मोजून घाबरू नये, आणि लॉटरी समजून हुरळूनही जाऊ नये. हंगामाचा हिशेब हंगामासारखाच करावा.

त्यात प्रत्येकाचा वाटा आहे. आईबापांनी एवढेच पाहावे की शाळा सुटणार नाही. सराव पहाटे आणि संध्याकाळी असतो. मधला दिवस अभ्यासाला पुरतो. क्लबांनी करारातच काही हिस्सा बाजूला काढून खेळाडूच्या नावे ठेवावा आणि तो त्याला खेळ थांबल्यावरच मिळावा. नोकरदाराचा भविष्यनिर्वाह निधी जर कायद्याने कापला जातो, तर गुडघ्यावर पोट असलेल्याचा का कापू नये? महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण ते पदकाच्या प्रमाणपत्रावर चालते. दहा वर्षे लीग खेळलेल्या, पण पदक नसलेल्या मुलाचाही त्यात विचार व्हायला हवा. आणि बँकांनी, विशेषतः सरकारी बँकांनी, तिशी ओलांडलेल्या खेळाडूंसाठी पुन्हा दार किलकिले करावे. पराभव पचवून दुसऱ्या दिवशी वेळेवर मैदानावर येणारा माणूस कुठल्याही शाखेला उपयोगीच पडेल.

हे उपकार नव्हेत. नव्वद मिनिटे आपण त्याच्या पायांकडे पाहत असतो, त्याने गोल केला की अनोळखी माणसाला मिठी मारतो. त्या आनंदाची किंमत नुसत्या तिकिटात वळती होत नाही.

तेव्हा रत्नागिरीच्या मुलाने आघाडीला खेळावे, अगदी जरूर खेळावे. त्याने फक्त गोलकडे पाहावे. हंगाम संपल्यावर काय, याची तजवीज मोठ्यांनी करायची असते; आणि ती हंगाम सुरू होण्याआधीच करावी लागते, हे आंब्याच्या गावाला मी वेगळे सांगायला नको.