दाराशीं द्वारपाल

विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांस इंटरनेट खुलें केलें, तें मोठ्या शहरांत. बुलढाण्याहून तेथवर पोहोंचावयाचें तर दूरचा फोन लावणें आलें, आणि त्याचें बिल वडीलमंडळींच्या कपाळीं आठ्या उमटवी. गांवांतच उत्तर देणारें यंत्र असावें, ही निकड यांतूनच उत्पन्न झाली. खासगी संस्थांस तशी मोकळीक १९९८ सालीं मिळाली.

त्यासाठीं लिनक्स ही विनामूल्य प्रणाली पुरेशी होती. तींत 'एमगेटी' नामक द्वारपाल मोडेमपाशीं बसे. घंटा वाजतांच तो फोन उचलवी, आणि पाहुणा 'पीपीपी'च्या भाषेंत बोलूं लागला कीं त्यास 'पीपीपीडी'च्या हवालीं करी. हा नांव व परवलीचा शब्द पडताळून पत्ता देई. पाहुणा गेल्यावर द्वारपालास पुन्हा उभें करणें हें 'इनिट'चें काम. त्याच्या यादींत 'रिस्पॉन' हा शब्द लिहावयाचा राहिला, तर पहिल्या पाहुण्यानंतर दार बंदच!

एका मोडेमास एकच पाहुणा, हें मात्र कोणत्याही प्रणालीस चुकवितां आलें नाहीं. आणि पाहुण्याच्या घरीं? नातू जोडला गेला कीं घरची तार अडली. वैद्यांचा निरोप यावयाचा असेल त्या दिवशीं त्याचा हट्ट चालूं देऊं नये, असें आमचें तेव्हांही स्पष्ट मत होतें.