उशिरा आलेली शिष्यवृत्ती

बार्शीच्या महाविद्यालयांत वैराग, पांगरीपासून भूम-परांड्यापर्यंतची मुले येतात. बहुतेकांच्या घरचे वर्ष सोयाबीन, तूर आणि ज्वारीवर चालते. प्रवेशाचे दिवस येतात तेव्हा घरातला पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो. एसटीचा पास, खोलीचे भाडे, मेसची आगाऊ रक्कम आणि पुस्तके मात्र तेव्हाच दारात उभी राहतात. शिष्यवृत्तीची खरी गरज असते ती या दिवसांत. ती हातात पडते कधी, हा प्रश्न आपण पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवास, मार्कशीट हे सगळे घेऊन मुले ई-सेवा केंद्रावर महाडीबीटीचा अर्ज भरतात. तो महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथून समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे. नावात एका अक्षराचा फरक पडला, तर अर्ज परत येतो. आधार एका खात्याला आणि अर्जात दुसरेच खाते असेल, तर मंजूर पैसाही अडकतो. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के. दोन तिजोऱ्यांचे वेळापत्रक जुळेपर्यंत वाट पाहायची ती विद्यार्थ्याने.

मग पहिला खर्च कोण करतो? बाप उसने घेतो, आई बचत गटाचे कर्ज काढते. म्हणजे गरिबाने आधी स्वतः पैसे घालायचे आणि सरकारने ते नंतर परत करायचे. ज्याला उसनेही मिळत नाही, तो दुसऱ्या वर्षी दिसत नाही. मंजूर अर्जांची यादी निघते. गळालेल्या मुलांची निघत नाही.

रकमेचेही तसेच. याच योजनेत घरून ये-जा करणाऱ्या बीए-बीकॉमच्या विद्यार्थ्याला 2021 च्या नियमांनुसार वर्षाला 3,000 रुपये भत्ता, म्हणजे महिन्याला अडीचशे. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा 2013 ची; पुढे दशकभर महागाई वाढली, ती मर्यादा हलली नाही.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. दक्षिण आफ्रिकेने विद्यार्थ्यांच्या मोठ्या आंदोलनानंतर 2017 च्या अखेरीस साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी मोफत उच्च शिक्षण जाहीर केले. तरीही राहण्या-जेवणाचा भत्ता वेळेवर न आल्याने तिथली मुले पुन्हा रस्त्यावर उतरली. हक्क कागदावर आला, तरी पोटाला तारीख लागते.

आपल्या पूर्वसुरींना ही तारीख कळली होती. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात आणि मामासाहेब जगदाळे यांनी बार्शीत बोर्डिंगमधून मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला गेले, तेव्हा बडोदा संस्थानाची साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दरमहा ठरलेली होती.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता प्रवेशानंतर महिनाभरात मिळावा, कागदांतील चुका नंतर दुरुस्त व्हाव्यात. शिष्यवृत्तीपात्र मुलाचा निकाल किंवा दाखला फीसाठी अडवला जाऊ नये. उत्पन्नाची मर्यादा आणि भत्ता महागाईशी जोडावा. दर तालुक्याने किती मुले दुसऱ्या वर्षाला पोहोचली नाहीत, हे दरसाल जाहीर करावे. हे झाले नाही, तर योजनांची नावे वाढत जातील आणि त्यांचा लाभ थांबण्याची ऐपत असलेल्यांनाच मिळेल. ज्यांच्यासाठी त्या काढल्या, ती मुले तोवर ऊसतोडीला किंवा पुण्याच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला लागलेली असतील.