खंदकाचा कोट आणि भीमाकाठचा कोट

इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातला बोडियमचा किल्ला चित्रांतून अनेकांच्या परिचयाचा आहे. चारी बाजूंनी पाण्याने भरलेला रुंद खंदक आणि मधोमध उभा चौकोनी कोट. फ्रेंचांच्या स्वारीचे भय होते, म्हणून सर एडवर्ड डॅलिंग्रिज याने १३८५ साली राजाची परवानगी घेऊन तो बांधला. इतिहासाला वळण देणारे रण तेथे पेटले नाही, आतल्या वास्तूही पुढे ढासळल्या. तरीही लॉर्ड कर्झनने तो विकत घेऊन त्याची डागडुजी केली; १९२५ साली त्याच्या मृत्यूनंतर तो नॅशनल ट्रस्टकडे गेला. याच कर्झनच्या व्हाइसरॉयपदाच्या काळात, १९०४ साली, आपल्याकडे प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा कायदा झाला होता.

बोडियमविषयी वाचताना आम्हांला आठवतो तो पेडगावचा भुईकोट. दौंडहून भीमा ओलांडून आम्ही तेथे प्रथम गेलो, तेव्हा काटेरी बाभळींतून वाट काढावी लागली होती. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या नावावरून हा बहादूरगड झाला. नदीचे पाणी हत्तींच्या मोटेने वर चढवून कोटात खेळवले जाई. आत लक्ष्मीनारायणाचे कोरीव मंदिर आहे, ते खानाच्याही कित्येक शतके आधीचे. आणि फेब्रुवारी १६८९ मध्ये कैद झालेल्या संभाजी महाराजांना औरंगजेबापुढे उभे केले, ते येथेच. पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे त्यांची समाधी आहे.

गड म्हटला की आपल्याला सह्याद्रीचा कडा दिसतो. भुईकोट मात्र परक्याचा, पराभवाचा, म्हणून मनातून उतरलेला. अलीकडे या कोटाला धर्मवीरगड म्हणू लागले आहेत. त्यामागची वेदना आम्हांला परकी नाही. ती आमचीही आहे. परंतु नाव बदलल्याने ढासळता तट सावरत नाही. शिवाय एकाच भीषण दिवसाची आठवण ठेवली, तर मंदिर कोरणारे पाथरवट आणि मोटेचे गणित बसवणारे कारागीर, सारेच विस्मृतीत जातात. तेही आपलेच पूर्वज होते.

बोडियमला जपण्यासाठी तेथे कुणाचे बलिदान व्हावे लागले नाही. दगड जुने आहेत, एवढे कारण पुरले. पेडगावात तर दोन्ही आहे. वढूला माथा टेकणाऱ्या प्रत्येकाने एकदा भीमाकाठच्या या कोटात यावे आणि घोषणा देऊन परतण्यापूर्वी घटकाभर तेथील दगडही निरखावेत, एवढेच आमचे मागणे आहे.