ठिपका म्हणजे निदान नव्हे

राष्ट्रीय विज्ञानवार्ता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उपग्रह आणि महासंगणक उभे राहतात. परंतु वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१-क नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि त्या कर्तव्याची परीक्षा घरातल्या कुंडीपाशीही होत असते.

रायपूरच्या सदर बाजारासारख्या दाट वस्तीत अंगण दुर्मीळ असते. तेथे कोरफड, पानफुटी, जेड अशा मांसल पानांच्या वनस्पती सज्जात नाहीतर गच्चीवर वाढतात. त्यांच्या पानावर ठिपका दिसला की अनेकांचा हात थेट बुरशीनाशकाकडे जातो. माझे मत असे की, निदानावाचून केलेली फवारणी हा उपचार नसून तीही एक अंधश्रद्धाच आहे.

ही वनस्पती मुळात निराळी आहे. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात पानफुटीची पाने चाखून पाहिली. सकाळी ती आंबट लागतात आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा ओसरतो, हे त्याचे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. कारण पुढे उलगडले. अशा वनस्पती पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा पाणी राखतात. पाणी जपून खर्चणाऱ्या या झाडाच्या मुळांशी आपण रोज पाणी ओतले, तर पेशी फुगून फुटतात आणि पानावर खडबडीत, बुचासारखे फोड उमटतात. हा जलस्फोट होय. येथे बुरशीच नसते. मग बुरशीनाशक कशावर चालणार?

रायपूरचे ऋतुमान निदानास मदत करते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा सावलीतली कुंडी एकदम उन्हात ठेवली की सूर्याभिमुख बाजूवर फिकट, कागदासारखे कोरडे डाग पडतात. ते पुढे वाढत नाहीत आणि पुसलेही जात नाहीत. जूनच्या मध्यानंतर पाऊस येतो, पाने तासन्‌तास ओली राहतात आणि बुरशीच्या बीजाणूंना रुजण्यास हवी ती ओल मिळते. आता गोल, खोलगट, पिवळ्या कडेचे, कधी वलयांकित ठिपके दिसतात. ते पसरतात व शेजारच्या पानांवरही उमटतात. डाग पाणचट, लिबलिबीत आणि दुर्गंधीयुक्त असेल तर जिवाणूजन्य सडीचा संशय घ्यावा. कापसासारखे पुंजके पिठ्या ढेकणाचे असतात. ओल्या फडक्याने पुसला जाणारा पांढरा थर बहुधा जड पाण्यातील क्षारांचा असतो.

मोबाइलवर छायाचित्र टाकून मिळणारे उत्तर सोयीचे खरे, पण एका छायाचित्राला वास नसतो, स्पर्श नसतो आणि कालचा दिवसही नसतो. म्हणून विद्यार्थ्यांनी साधा प्रयोग करावा. ठिपक्याच्या कडेने बारीक पेनाने हलकी खूण करावी, तारीख लिहावी, कुंडी वेगळी ठेवावी आणि सात दिवस पाहावे. खुणेबाहेर न गेलेला डाग बहुधा जुना व्रण असतो. ओलांडला, तर कारण अजून कार्यरत आहे. सड मात्र सात दिवस थांबत नाही. तेव्हा स्पिरिटने पुसलेल्या पात्याने ते पान लगेच काढावे.

बुरशीनाशकाला जागाच नाही, असे मी म्हणत नाही. मात्र मॅन्कोझेबसारखे औषध निरोगी पृष्ठभागाचे रक्षण करते, पडलेला ठिपका मिटवत नाही. शिवाय बंद घरात, लहान मुलांच्या वावरात विषारी द्रव्य विनाकारण का उडवावे? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेताचे प्रमाण आणि सज्जाचे प्रमाण वेगळे. पण विषाला किरकोळ समजण्याची सवय एकच.

प्रतिबंध स्वस्त आहे. खालून निचरा होणारी मातीची कुंडी, वाळूमिश्रित भुसभुशीत माती, माती पूर्ण सुकल्यावर सकाळी केवळ मुळाशी पाणी, कुंड्यांमध्ये हवेपुरते अंतर, पावसाळ्यात आडोसा आणि उन्हाची सवय दहा-पंधरा दिवसांत हळूहळू.

रोपवाटिकांनी प्रत्येक रोपासोबत एवढे लिहिलेली चिठ्ठी द्यावी, आणि औषध विकणाऱ्याने पुडी देण्यापूर्वी पान पाहायला मागावे. ‘काय फवारू?’ या प्रश्नाआधी ‘हे कशामुळे झाले?’ हा प्रश्न विचारण्याची शिस्त विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी सोडू नये.